वानलेसवाडीचे डॉक्टर आणि गळ्यातली गाठ

सांगलीहून मिरजेला निघाले की विश्रामबाग मागे पडते आणि वानलेसवाडीचा थांबा येतो. या थांब्यावर रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्यांपैकी अनेकांना हे नाव एखाद्या जुन्या वाडीचे वाटते. प्रत्यक्षात ते एका डॉक्टरांचे आडनाव आहे. डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस यांनी क्षयरोग्यांसाठी इथे आरोग्यधाम उभारले, आणि त्याच्या भोवती वाढलेल्या वस्तीला त्यांचेच नाव चिकटले.

क्षय म्हटला की आपल्याला खोकला, बेडका आणि छातीचा एक्स-रे आठवतो. पण हा आजार फुफ्फुसापुरता नसतो. भारतातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण पाचातल्या एकाला तो फुफ्फुसाबाहेर होतो आणि त्यात लसिका ग्रंथींचा, म्हणजे बहुधा मानेतल्या गाठींचा क्षय फार वेळा आढळतो. आपल्याकडे त्याला गंडमाळा म्हणत. या रुग्णाला खोकला नसतो, बेडका नसतो, एक्स-रेही अनेकदा स्वच्छ असतो. मग निदान करायचे कसे? याचे उत्तर वैद्यकाला टप्प्याटप्प्याने मिळाले. त्यातले सुरुवातीचे मोठे टप्पे डॉ. वॉनलेस यांच्या आयुष्याच्या काळातच पडले. म्हणून आज त्यांची गोष्ट.

जन्म १८६५

वॉनलेस यांचा जन्म १८६५ मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हिलमँ या लष्करी डॉक्टराने एक प्रयोग जाहीर केला. क्षयाने मेलेल्या माणसाच्या शरीरातील पदार्थ त्याने सशांच्या अंगात टोचला आणि सशांना क्षय झाला. तोपर्यंत क्षय हा घराण्यात चालत आलेला, प्रकृतीचा दोष मानला जाई. तो एका शरीरातून दुसऱ्यात जातो, हे व्हिलमँने दाखवले. पण बहुतेक जाणकारांनी ते मनावर घेतले नाही.

दरम्यान सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे लोक वेगळ्या वाटेने पुढे जात होते. जर्मनीत थिओडोर लँगहान्स यांनी १८६८ मध्ये क्षयाच्या गाठींमधल्या प्रचंड मोठ्या पेशींचे बारकाईने वर्णन केले. एकाच पेशीत अनेक केंद्रके आणि ती कडेने घोड्याच्या नालासारखी मांडलेली. या पेशींना आजही लँगहान्स यांचेच नाव आहे आणि आपल्या गावातल्या पॅथॉलॉजिस्टच्या अहवालातही ते सापडेल.

वॉनलेस सोळा वर्षांचे असताना, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. कॉख यांनी केवळ फुफ्फुसे तपासली नव्हती. मानेतल्या गंडमाळेच्या गाठीही त्यांनी तपासल्या आणि तिथेही तोच जंतू दाखवला. छातीचा क्षय आणि गळ्यातल्या गाठी हे दोन वेगळे आजार नाहीत, एकाच जंतूची ती दोन ठिकाणे आहेत, हे त्या दिवशी पक्के झाले. वॉनलेस न्यूयॉर्कमध्ये वैद्यक शिकायला गेले तेव्हा हे ज्ञान अगदी ताजे होते.

सांगलीत, मग मिरजेत

१८८९ मध्ये पदवी हातात पडली आणि त्याच वर्षी चोवीस वर्षांचे वॉनलेस पत्नी मेरी यांच्यासह अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून सांगलीत आले. सुरुवात साध्या दवाखान्याने झाली. भाषा नवी, माणसे नवी, आणि चाकूने पोट किंवा डोळा उघडणारा परका डॉक्टर लोकांनाही नवा होता.

काही वर्षांत त्यांनी मिरज हे केंद्र निवडले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी जागा दिली, फिलाडेल्फियाचे उद्योगपती जॉन कॉन्व्हर्स यांनी इमारतीसाठी देणगी दिली आणि १८९४ मध्ये रुग्णालय सुरू झाले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी अशा सर्व बाजूंनी रुग्णाला गाडीत बसवून आणता येई. मोतीबिंदू, मूतखडा आणि पोटाच्या शस्त्रक्रिया यांसाठी मिशन हॉस्पिटलचे नाव दूरवर गेले. आज मिरज हे वैद्यकनगरी म्हणून ओळखले जाते, त्याचा पाया इथे घातला गेला.

त्याच १८९४ साली, मिरजेपासून हजारो मैल दूर हाँगकाँगमध्ये प्लेग थैमान घालत होता. तिथे अलेक्झांडर येर्सिन या तरुण डॉक्टराने प्लेगने मेलेल्या रुग्णाच्या जांघेतल्या गाठीतला पदार्थ घेतला, काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. गाठ जंतूंनी भरलेली होती. जपानचे किटासाटो हेही त्याच वेळी तिथे त्याच शोधात होते. रोगाचे नाव गाठीच्या आत लिहिलेले असते, हा धडा या कामाने ठसठशीत केला.

दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, प्लेग मुंबईत उतरला आणि पुढच्या काही वर्षांत सातारा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड असा दक्षिण महाराष्ट्र आणि त्याच्या सीमेपर्यंत पसरला. मराठीत त्याला ग्रंथिक सन्निपात असेही म्हणत. काखेत किंवा जांघेत गाठ आली की घरात रडारड सुरू होई, कारण ती गाठ काही दिवसांत माणसाला नेत असे. गळ्यातली क्षयाची गाठ अगदी उलट. ती दुखत नाही, तापत नाही, महिनोन् महिने मुकाट वाढते. म्हणून प्लेगच्या गाठीला लोक घाबरले आणि क्षयाच्या गाठीकडे त्यांनी दुर्लक्ष केले.

शिकवणारे रुग्णालय

वॉनलेस यांच्या कामातला सर्वांत दूरदर्शी भाग म्हणजे त्यांनी १८९७ मध्ये मिरजेत सुरू केलेले वैद्यकीय शिक्षण. एकटा शल्यचिकित्सक कितीही कुशल असला तरी त्याचे हात दोनच. इथल्याच मुलांना शिकवले तर ते गावोगाव जातील, हा साधा हिशेब त्यामागे होता. परिचारिकांचे प्रशिक्षणही सुरू झाले. मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले, त्यातही त्यांचा वाटा होता. मेरी यांच्या अकाली निधनानंतर कोल्हापूरच्या मिशन रुग्णालयाला मेरी वॉनलेस यांचे नाव दिले गेले. कोल्हापूरकरांना ते परिचयाचे आहे.

त्या पिढीतल्या शल्यचिकित्सकांपुढे गळ्यातली गाठ हा मोठाच प्रश्न होता. तेव्हाची शस्त्रक्रियेची पुस्तके मानेतल्या क्षयग्रंथी कापून काढण्याच्या पद्धतींनी भरलेली आहेत. औषध नव्हते, म्हणून चाकू. पण मानेत मोठ्या रक्तवाहिन्या आणि नाजूक नसा असतात. एक गाठ काढली तरी शेजारची पुढे वाढे. गाठ पिकली म्हणून चिरा दिला तर जखम भरत नसे आणि वर्षानुवर्षे वाहत राही. घरगुती उपाय म्हणजे लेप, डाग देणे आणि गंडा-दोरा. गळ्यावर डागाचे जुने व्रण असलेली वृद्ध माणसे सातारा-सांगलीच्या खेड्यांत अजून-अजूनपर्यंत भेटत.

त्याच सुमारास सुईचा एक नवा उपयोग पुढे आला. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा अभ्यास करणाऱ्या ग्रेग आणि ग्रे या डॉक्टरांनी १९०४ मध्ये रुग्णांच्या मानेतल्या लसिका ग्रंथींमध्ये सुई घालून आतला द्रव काढला आणि त्यात रोगाचे परजीवी शोधले. गाठ कापावी लागली नाही. १९३० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मार्टिन आणि एलिस यांनी कर्करोगाच्या गाठींसाठी हीच युक्ती वापरली. पुढे १९५० नंतर स्वीडनमधल्या डॉक्टरांनी बारीक सुई वापरून ती घरोघरी पोहोचवण्याइतकी सोपी केली.

वाडीला नाव मिळाले

१९२० च्या सुमारास वॉनलेस यांनी सांगली आणि मिरज यांच्यामध्ये, मोकळ्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले. तेव्हा जगभर तोच उपचार होता. जर्मनीत आणि अमेरिकेत डोंगरावर अशी आरोग्यधामे निघाली होती. साताऱ्याच्या पाचगणीत मुंबईचे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर सुरू केले होते. पाचगणीला थंड हवा आणि पावसाळ्यात धुवाधार पाऊस. मिरजेकडे पाऊस कमी आणि हवा कोरडी. दोन जिल्ह्यांतली ही दोन ठिकाणे क्षयाच्या रुग्णांची आशा बनली.

आरोग्यधामात औषध असे काही नव्हते. विश्रांती, उघडा व्हरांडा, दूध-अंडी, ऊन आणि स्वच्छता. काही रुग्णांत आजारी फुफ्फुसाला विसावा देण्यासाठी छातीत हवा भरत. कित्येक महिने, कधी वर्षे राहावे लागे. काही बरे होऊन घरी गेले, अनेक गेले नाहीत. तरीही दोन गोष्टी साधल्या. रुग्णाला माणसासारखे वागवणारी जागा मिळाली आणि घरातली लहान मुले त्याच्या खोकल्यापासून वाचली.

जवळपास चाळीस वर्षे काम करून १९२८ मध्ये वॉनलेस निवृत्त झाले. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्यांना सर हा किताब दिला. १९३३ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९४३ मध्ये, अमेरिकेतच सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. क्षयाच्या जंतूला मारणारे ते पहिले परिणामकारक औषध.

वॉनलेस यांच्या आयुष्याकडे आज पाहताना हीच गोष्ट मनाला लागते. रोगाचा जंतू त्यांच्या तरुणपणीच सापडला होता. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो, हे त्यांच्या लहानपणीच लिहिले गेले होते. नाव ठाऊक, कारण ठाऊक, पण रुग्णाला द्यायला गोळी नाही, अशा काळात त्यांनी आयुष्यभर काम केले. आज निदान आहे आणि औषधही आहे. उरलेला अडसर आपल्या उशिराचा आहे.

सुई, काच आणि फॉर्मॅलिन

मग आज मानेत गाठ आली तर नेमके काय होते? पहिली पायरी म्हणजे बारीक सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी. त्वचा स्पिरिटने पुसून, इंजेक्शनच्या सुईइतक्याच किंवा त्याहून बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी ओढून घेतात. काम काही मिनिटांचे. बहुधा भूलही लागत नाही. त्या पेशी काचेच्या पट्टीवर पसरून रंगवतात.

क्षय असेल तर पॅथॉलॉजिस्टला तीन खुणा दिसू शकतात. एक, चपलेच्या तळासारखी लांबट केंद्रके असलेल्या पेशींचे पुंजके. दोन, लँगहान्सच्या त्या नालासारख्या मांडणीच्या महापेशी. तीन, मधोमध मेलेल्या पेशींचा, घट्ट चक्क्यासारखा भाग. शिवाय झील-नीलसेन नावाच्या रंगपद्धतीत निळ्या पार्श्वभूमीवर क्षयाचे जंतू लालसर काड्यांसारखे उठून दिसतात.

पण इथे एक अडचण आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटर नमुन्यात ते साधारण पाच ते दहा हजार तरी असावे लागतात. गाठीत ते बऱ्याचदा कमीच असतात. म्हणून काचेवर जंतू दिसले नाहीत, याचा अर्थ क्षय नाही असा होत नाही. उलट पेशींचे ते पुंजके इतर काही आजारांतही दिसतात. म्हणून आता त्याच नमुन्याचा एक भाग सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रावर तपासतात. ही यंत्रे जंतूची जनुकीय खूण शोधतात. सीबीनॅटचे उत्तर साधारण दोन तासांत येते, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, हेही त्यातून कळते. जागतिक आरोग्य संघटनेने लसिका ग्रंथींच्या नमुन्यांसाठी ही तपासणी २०१३ मध्ये सुचवली. जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, म्हणजे कल्चर, अधिक बारकाईची. पण तिला दोन ते आठ आठवडे लागू शकतात.

सुईने उत्तर मिळाले नाही तर गाठीचा तुकडा किंवा अख्खी गाठ काढून बायोप्सी करतात. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवतात आणि मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके पातळ काप करून रंगवतात. पेशींची मांडणी यात सर्वांत नीट दिसते.

याच टप्प्यावर एक चूक वारंवार होते आणि ती रुग्णाच्या नातेवाइकांनाही टाळता येते. काढलेली गाठ अख्खीच्या अख्खी फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडते. फॉर्मॅलिन पेशी टिकवते, पण जंतूंना मारते. मग कल्चर होऊच शकत नाही आणि जनुकीय तपासणीही नीट होत नाही. नमुन्याचे दोन भाग हवेत. एक फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी, दुसरा साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये क्षयाच्या तपासणीसाठी. बाटली घेऊन प्रयोगशाळेत जाणारा अनेकदा नातेवाईकच असतो. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना एवढे विचारावे: नमुना सलाईनमध्येही पाठवणार ना?

गैरसमज आणि उशीर

सुई टोचली की गाठ बिघडते, रोग पसरतो, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. तो चुकीचा आहे. नुकसान होते ते तपासणी न करता वेळ घालवण्याने. कधी प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स होतात, कधी तपासणीशिवायच क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या जातात. मानेतली गाठ लिम्फोमाची असू शकते, तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाची असू शकते. तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या मानेत घट्ट गाठ आली आणि सहा महिने क्षयाच्या गोळ्यांत गेले, तर कर्करोगाला सहा महिने मोकळे रान मिळते. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच: आत काय आहे ते आधी पाहा.

प्रत्येक गाठीला घाबरण्याचे मात्र कारण नाही. लहान मुलांच्या मानेत घसा, दात किंवा डोक्यातल्या उवा-फोडांमुळे हरभऱ्याएवढ्या गाठी येतात आणि आपोआप बसतात. गाठ दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, वाढत गेली, एकमेकींना चिकटली, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन घटले, रात्री घाम येऊ लागला, किंवा गाठ गळपट्टीच्या हाडाच्या वर आली, तर थांबू नये.

निदान झाले तर उपचार साधारण सहा महिन्यांचा आहे. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १००० रुपये थेट बँक खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. फुफ्फुसात क्षय नसेल तर केवळ गाठीचा क्षय दुसऱ्याला लागत नाही. ताट-वाटी वेगळी करण्याची, मुलीचे लग्न लपवाछपवीत उरकण्याची गरज नाही. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: उपचार चालू असताना गाठ काही काळ मोठी होऊ शकते किंवा नवी येऊ शकते. मेलेल्या जंतूंवर शरीर प्रतिक्रिया देत असते, म्हणून बऱ्याचदा असे होते. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. उपचार संपल्यावर छोटी गाठ उरली तरी ती नेहमी आजाराची खूण नसते.

मिरजेत १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आज मिरज, सांगली, कराड आणि सातारा या सर्व ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि बारीक सुईची तपासणी त्यांपैकी कुठेही होऊ शकते. वॉनलेस सांगलीत उतरले तेव्हा गाठ घेऊन आलेल्या रुग्णाला द्यायला डॉक्टरांकडे चाकू, दूध आणि ऊन एवढेच होते. आता एसटीने तासा-दीड तासाच्या अंतरावर निदान आहे आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या गोळ्या आहेत. वानलेसवाडीच्या थांब्यावरून पुढच्या वेळी जाताना हे आठवावे, आणि घरात कुणाच्या मानेत महिनाभरापासून गाठ असेल तर त्याला गाडीत बसवून दवाखान्यात न्यावे.